पंखा कोणी लावला?

परवा दुपारी जेवायला बसलो आणि नवऱ्याने उठून हॉलमधला पंखा लावला. दोनवर. नोव्हेंबरपासून बंद होता तो, त्यामुळे पात्यांच्या कडेला धुळीची राखाडी झालर जमली होती आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच तिचे तुकडे सुटून खाली यायला लागले, एक तर थेट कोशिंबिरीच्या वाटीजवळ येऊन पडला. मी ताटं झाकेपर्यंत आतून आवाज आला, "पंखा कोणी लावला?"

आमच्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. त्या तेव्हा देवघराच्या खोलीत होत्या, दार निम्मं लोटलेलं होतं, तिथून हॉलमधला पंखा दिसतही नाही, आणि आमचा पंखा काही फार आवाज करणारा नाही. पण त्यांना कळतं. त्यांना हवा हललेली कळते. बाहेर आल्या, खांद्यावर शाल, कानाला स्कार्फ, बाहेर लख्ख ऊन पडलेलं, आणि म्हणाल्या, "अरे अजून शिवरात्र व्हायचीय." नवरा म्हणाला, "आई, बत्तीस अंश आहे बाहेर." त्या म्हणाल्या, "बाहेर असेल." आणि पंखा बंद झाला.

दरवर्षी होतं हे आमच्याकडे. तारीख तीन-चार दिवस इकडेतिकडे होते, पण माणसं तीच आणि वाक्यंही जवळजवळ तीच, आणि मला हे सगळं मनापासून आवडतं. दिवाळी येते तेव्हा कळतं, पाऊस येतो तेव्हा तर सगळ्या गावाला कळतं, पण थंडी गेली हे सांगायला कोणी येत नाही. ती एकेका माणसापुरती जाते. एकाच घरात, एकाच छताखाली, चार माणसांची थंडी चार वेगवेगळ्या दिवशी संपते, आणि पहिल्या माणसाची संपल्यापासून शेवटच्याची संपेपर्यंत जे पाचेक आठवडे असतात ना, ते माझे वर्षातले सगळ्यात लाडके दिवस आहेत.

लेकीची थंडी सगळ्यात आधी संपते. रथसप्तमीला. त्या दिवशी सकाळी आम्ही सोसायटीच्या टेरेसवर जाऊन संक्रांतीच्या सुगडात दूध ठेवतो, खाली दोन लहानशा गोवऱ्या, आई रांगोळीने सूर्याचा रथ काढतात, सात घोडे मोजून काढतात, आणि मग ते दूध पूर्वेच्या बाजूला उतू जाईपर्यंत सगळे गोवरीच्या धुरात डोळे चोळत उभे. तिथून खाली आल्यावर लेक स्वेटर काढते तो काढतेच. शाळेत सकाळी सातला जाताना दात वाजत असले तरी घालत नाही. रथसप्तमी झाली ना, मग झालं. तिचा तो नियम आहे आणि आठवीतल्या मुलीच्या नियमाला हात लावायचा नसतो.

नवऱ्याची थंडी पंखा लावण्याच्या दिवशी संपते, म्हणजे तो प्रयत्न करतो त्या दिवशी. माझं जरा अवघड आहे, माझी दुपारी संपते आणि पहाटे परत येते. आणि आईंची संपते होळीला. त्याच्या एक दिवस आधीही नाही.

आता या बाबतीत आपल्याकडे दोन म्हणी आहेत आणि दोन्ही अगदी ठाम आहेत. एक म्हणते, शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते. दुसरी म्हणते, होळी जळाली थंडी पळाली. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणजे मध्ये पंधरा-सोळा दिवस. मग खरं कोण? आमच्याकडे यावर चर्चा होते, अगदी गंभीरपणे होते. नवरा शिवरात्रवाला आहे. आईंचं म्हणणं असं की शिवरात्रीला थंडी निघते आणि होळीला गावाबाहेर पोचते, निघणं वेगळं आणि जाणं वेगळं, पाहुणे नाही का उठलो उठलो म्हणत दारात तासभर बोलत उभे राहतात. मला हे पटतं. पुण्याच्या थंडीला तर हे अगदी लागू आहे.

कारण पुण्यात फेब्रुवारीत एका दिवसात दोन ऋतू होतात. पहाटेचं किमान बाराच्या आसपास आणि दुपारचं कमाल बत्तीसच्या आसपास, म्हणजे सकाळी शाल आणि दुपारी सरबत, वीस अंशांचा फरक एकाच दिवसात, एकाच अंगावर. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, पावसाळ्यातली जमिनीतली ओल संपलेली, त्यामुळे ऊन पडलं की जमीन भराभर तापते आणि रात्री ती उष्णता अडवायला वर ढग नसतात, सगळी निघून जाते. मुंबईत समुद्र आहे, तो असं होऊ देत नाही. म्हणून मुंबईची नणंद फोनवर विचारते, "काय गं, अजून स्वेटर?" आणि मी म्हणते, वेळ सांग, मग सांगते.

हवामान खातं जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोनच महिने हिवाळ्याचे धरतं, एक मार्चपासून त्यांच्या वहीत मान्सूनपूर्व काळ सुरू. पंचांगात माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, वसंत थेट चैत्रात. पण वसंतपंचमी मात्र माघातच. म्हणजे बघा, याबाबतीत एकमत कोणाचंच नाही, मग आमच्या घरातल्या चार जणांचं कुठून होणार.

सासरे होते तेव्हा रोज सकाळी पेपरमधलं तापमान मोठ्याने वाचायचे. चहा गाळून व्हायच्या आत. "शिमला ऑफिस म्हणतंय अकरा पॉइंट दोन." पुण्यात हवामान खात्याला जुनी माणसं शिमला ऑफिसच म्हणतात, शिवाजीनगरच्या त्या चौकालाही तेच नाव आहे, आणि नवीन माणसाला प्रश्न पडतो की पुण्यात शिमला कुठून आलं. तर हवामान खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं, ते १९२८ साली पुण्याला आलं, पुढे १९४४ ला दिल्लीला गेलंही, पण तोपर्यंत नाव इथल्या जिभेवर बसलं ते बसलंच. सासऱ्यांना त्या इमारतीचं फार कौतुक होतं. बसमधून जाताना दाखवायचे, "आपली थंडी इथे मोजतात." आता पेपर वाचून दाखवायला ते नाहीत. पण सकाळी चहाच्या वेळी आई मला विचारतात, "शिमला ऑफिस काय म्हणतंय?" आणि मी मोबाइल उघडून शिवाजीनगरचा आकडा सांगते. पाषाणचा वेगळा असतो, मगरपट्ट्याचा तर बहुतेक वेळा बराच वर असतो, पण आईंना शिवाजीनगरचाच लागतो. तो आकडा ऐकला की त्या मान हलवतात आणि मग चहाचा पहिला घोट घेतात. त्याआधी नाही.

आमच्या घरात थंडी मोजायची अजून एक सोय आहे, बाथरूमच्या खिडकीतली खोबरेल तेलाची निळी बाटली. खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरमध्ये ती बाटली म्हणजे पांढरा दगड असतो, उलटी केली तरी काही पडत नाही, रविवारी न्हाण्याआधी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून ठेवावी लागते. आणि मग फेब्रुवारीत एक सकाळ अशी येते की बाटली हातात घेतली की आत काहीतरी हलतं. कडेकडेने तेल सुटलेलं असतं आणि मध्ये पांढरा गोळा तरंगत असतो, बाटली तिरकी केली की तो गोळा सावकाश सरकतो आणि तोंडाशी येऊन अडतो, त्याच्या बाजूने तेलाची एक बारीक धार येते. संध्याकाळपर्यंत सगळं पातळ. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घट्ट. हे किमान दोन-तीन आठवडे चालतं. लेक लहान होती तेव्हा तिला वाटायचं की बाटलीत कोणीतरी राहतं आणि ते रात्री झोपतं. मला अजूनही ती बाटली बघितल्यावर तेच आठवतं, आणि खरं सांगायचं तर ती आता आठवीत गेलीय, तिला हे आठवत नाही, मला आठवतं, याचं जरा बरं वाटतं आणि जरा पोटात कालवतंही.

आई मूळच्या कोकणातल्या. लग्न होऊन १९७४ साली पुण्यात आल्या, मार्गशीर्षात. तिकडे तेल सकाळी जरासं घट्ट व्हायचं आणि नऊ वाजेपर्यंत पातळ. इथे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात डोक्याला तेल लावायला वाटी घेतली तर तेल खणून काढावं लागलं, नवीन घर, कोणाला विचारायचं कळेना, त्यांना वाटलं तेल खराब झालं. तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी काही न बोलता वाटी चुलीच्या कडेला ठेवली. एवढंच. ही गोष्ट आई दर हिवाळ्यात एकदा सांगतात आणि सांगताना चुलीच्या कडेला वाटी ठेवल्याचा हात करून दाखवतात, दोन बोटांनी, हलकेच. मी त्या सासूबाईंना कधी पाहिलं नाही, माझ्या आधीच गेल्या, पण मला त्या त्या दोन बोटांवरून माहीत आहेत.

कोकणातून येताना आई मुठेलही घेऊन आल्या होत्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते तर चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याचे मुठीत दाबून केलेले गोळेच मिळतात. पळीत वितळवून टाचांच्या भेगांत भरायचं आणि वर मोजे घालून झोपायचं. बाजारातली भारी भारी क्रीम लावून झाली माझी, पण फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत टाचा वाचवायच्या असतील तर मुठेलच, यावर माझं ठाम मत आहे.

ऊन हा माझा खास विषय आहे. आमच्या हॉलला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी आहे, जवळजवळ जमिनीपासून दाराएवढी उंच, आणि बिल्डरने तिच्यावर छज्जा घातला नाही. उन्हाळ्यात लोक विचारतात त्रास होत नाही का. नाही होत, कारण ऐन उन्हाळ्यात त्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा उत्तरेकडेच असतो. ऊन येतं ते हिवाळ्यात. जुन्या एक फुटी फरश्या आहेत आमच्याकडे, त्यामुळे मोजायला सोपं. डिसेंबरच्या शेवटी दुपारचं ऊन सहाव्या फरशीपर्यंत येतं, पार दिवाणाच्या पायांपर्यंत. संक्रांत झाली की हळूहळू मागे सरायला लागतं. फेब्रुवारीच्या मध्यावर चौथी फरशी. होळीच्या सुमाराला तीनच्या आत. आणि मार्चच्या एकवीसला दोन फरश्या आणि वर चार बोटं.

आई त्या उन्हाच्या तुकड्यात बसतात. पाट टाकून, पाठ खिडकीकडे करून, मटार सोलायला किंवा तांदूळ निवडायला. आणि ऊन जसं मागे सरतं तसा त्यांचा पाट खिडकीकडे सरकतो, दिवसाला नाही कळत, पण डिसेंबरमध्ये त्या दिवाणाशी बसलेल्या असतात आणि फेब्रुवारीच्या शेवटी जवळजवळ खिडकीला टेकून. एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि बघितलं, पाट चौथ्या फरशीवर, त्या उन्हात डोळे मिटून बसलेल्या, सोललेल्या मटारांचं पातेलं मांडीत आणि हातात एक अर्धी उघडलेली शेंग, तीन दाणे शेंगेतच. पाठीवरच्या शालीतून वाफ निघेल की काय इतकं ऊन. मी पाऊल न वाजवता परत आत गेले. भाजी अर्ध्या तासाने टाकली.

फेब्रुवारीत ती वेळ पावणेएकची असते, हे मला खूप उशिरा कळलं. आपण म्हणतो बाराला ऊन डोक्यावर, पण पुण्यात फेब्रुवारीत सूर्य माथ्यावर यायला बारा पन्नास होतात. एक तर आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचं, तिथल्यापेक्षा पुणं पश्चिमेला, त्यामुळे पस्तीसेक मिनिटं तिथेच गेली. वर पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि आस कललेली, त्यामुळे खरं मध्यान्ह वर्षभर पुढे-मागे होतं आणि फेब्रुवारीत ते चौदा मिनिटं अजून मागे असतं. यानेच अजून एक गंमत होते. सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या एकवीस-बावीसला, पण पुण्यात सगळ्यात उशिराचा सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यावर, सात वाजून गेल्यावर. संध्याकाळ नोव्हेंबरच्या शेवटापासूनच लांबायला लागलेली असते, सकाळ मात्र संक्रांतीपर्यंत हलत नाही. म्हणून जानेवारीत मुलांना शाळेत सोडताना अंधार असतो आणि आपण म्हणतो दिवस मोठा होतोय म्हणतात तो कुठे होतोय. तो संध्याकाळच्या बाजूने होत असतो.

संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. खरंच आहे ते, त्या सुमाराला आपल्याकडे दिवस रोज जेमतेम अर्ध्या मिनिटाने वाढतो, तिळाएवढाच. फेब्रुवारीच्या शेवटी तोच रोज एक मिनिटाने वाढायला लागतो. ज्याने पहिल्यांदा तीळ म्हटलं त्याच्याकडे मिनिटकाटा नव्हता, तरी माप बरोबर घेतलं. मी ही गोष्ट लेकीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मग आता शेंगदाण्यादाण्याने वाढतो म्हण." मी म्हणतेच आता तसं.

स्वयंपाकघरात तर थंडी जाताना सगळ्या सवयी बदलाव्या लागतात आणि आपण एक दिवस उशिराच बदलतो. जानेवारीत विरजण चांगलं चमचाभर घालायचं, दुधात बोट बुडवून सोसेल इतकं गरम ठेवायचं, पातेलं जुन्या शालीत गुंडाळून डब्यात, तेव्हा कुठे सकाळी दही. हाताला तीच सवय. आणि मग फेब्रुवारीत एक दिवस झाकण काढावं तर दही आंबट ढाण, वर पाणी सुटलेलं. त्या दिवशी आमच्याकडे कढी. दर फेब्रुवारीत पहिली कढी अशीच होते, ठरवून कधीच नाही, आणि काय सुंदर लागते, बाजरीची उरलेली भाकरी कुस्करून.

बाजरीचंही तेच. संक्रांतीला भोगीपासून तीळ लावून सुरू झालेली बाजरी आता संपत आणायची, कारण ती उष्ण आणि पीठही पुढे कडू व्हायला लागतं. डब्यात तळाशी चार भाकऱ्यांचं पीठ असतं. ते संपलं की ज्वारी. आई शेवटच्या बाजरीच्या भाकरीला थोडं जास्त लोणी देतात, सगळ्यांना, न मागता. मटारही शेवटचे, दाणे मोठे आणि पिठूळ व्हायला लागतात, मग एका रविवारी सगळे बसून पाच किलो सोलायचे आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये. बोरं संपली. द्राक्षं आली. तिळाच्या वड्यांच्या डब्यात तळाला नुसता चुरा, तो मी दुपारी चमच्याने खाते.

आणि विसण. हा शब्द आता किती घरांत आहे माहीत नाही, आमच्याकडे आहे. आंघोळीच्या कडकडीत पाण्यात घालायचं गार पाणी. डिसेंबरमध्ये विसण तांब्याभर, आंघोळ होईपर्यंत पाणी निवतंच. जानेवारीत दोन तांबे. आता निम्मी बादली. सोलरचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं गरम येतं आणि पहाटे कोमट, म्हणजे फेब्रुवारीत जो उशिरा आंघोळ करेल त्याची मजा. यात नवऱ्याचा नंबर पहिला.

बाहेर काय चाललंय ते मी धावत सांगते. गेटशेजारचा पिंपळ जवळजवळ उघडा झालाय, झाडणाऱ्या मावशी दिवसातून दोनदा झाडतात. मागच्या आंब्याला मोहोर आहे, संध्याकाळी टेरेसवर गेलं की तो वास येतो, जरा तुरट, जरा गोड. तांबट दुपारभर टुक टुक टुक करतो, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडल्यासारखं. बारावीच्या परीक्षा आहेत म्हणून वरच्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात फेऱ्या मारत पाठ करत असतो आणि मधूनच त्याचा आणि तांबटाचा ठेका जुळतो.

पण मला गोधडीबद्दल लिहायचंय. खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसले.

आमच्याकडे दोन गोधड्या आहेत. दोन्ही आईंनी शिवलेल्या. एक जुनी, तिच्यात आत त्यांच्या सासूबाईंची सुती नऊवारी लुगडी, मामंजींची दोन धोतरं आणि वर आईंच्या स्वतःच्या साड्या. धावदोरा घातलाय, एकाला एक लागून ओळी, कडेने सुरू होऊन आत आत जाणाऱ्या. मधोमध आलं की दोरा कुठे संपला ते सापडत नाही, मी बोटाने शोधलंय. कित्येक धुण्यांत वरच्या साडीचा निळा रंग असा फिका झालाय की तो आता कुठल्याच दुकानात मिळणार नाही. एका कोपऱ्यात कापड विरून खालचा थर दिसतो, लुगड्याचा हिरवा, आणि त्याच्या खाली अजून काहीतरी बारीक चौकडीचं. म्हणजे दोन पिढ्यांची कपाटं त्या एका कोपऱ्यात दिसतात. कापड पातळच आहे, ऊब येते ती थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेची. म्हणून तर ती धुऊन, उन्हात फुलवून घेतली की जास्त उबदार होते.

दुसरी लेकीच्या बारशाला शिवलेली, तिच्यावर लेकीच्या झबल्यांचे तुकडे मागाहून जोडलेत.

होळीच्या आसपास या गोधड्या धुवायच्या असतात. वॉशिंग मशीनमध्ये घालत नाही. टेरेसवर मोठ्या टबात रात्रभर भिजवायच्या, सकाळी पायांनी तुडवायच्या, ते काम लेकीचं. आणि मग पिळायच्या. भिजलेली गोधडी काय जड असते, ज्याने उचललीय त्यालाच माहीत. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरा, उलट्या दिशेने पीळ देत जायचं, आणि पीळ बसत गेला की आम्ही दोघं एकमेकांच्या जवळ ओढले जातो, अगदी हातभर अंतरावर, मध्ये तो जाड पिळा आणि त्यातून धार. गेल्या वर्षी त्या क्षणी आई पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभ्या होत्या, म्हणाल्या, "मी नि हे असंच पिळायचो." नंतर काही बोलल्या नाहीत. आम्ही पिळा सोडला, गोधडी दोन दोऱ्यांवर आडवी टाकली, एका दोरीला झेपत नाही. दुपारी चार वाजता उलटी केली. दुसऱ्या दिवशी परत ऊन. मग घड्या, मध्ये कडुलिंबाचा वाळवलेला पाला, आणि दिवाणाच्या पोटात.

यावर्षी अजून त्याला वेळ आहे. आत्ता आम्ही त्या मधल्या दिवसांत आहोत. रात्री झोपताना उकडतं, सगळे पांघरूण पायाशी लोटून झोपतात. मी कधी कधी चारच्या सुमाराला उठते पाणी प्यायला, आणि घरभर फिरून येते. तेव्हा सगळं घर पांघरुणात शिरलेलं असतं, कोणी कधी ओढून घेतलं ते त्यांनाही माहीत नसतं. शिवरात्रवाला नवरा हनुवटीपर्यंत. रथसप्तमीला स्वेटर काढलेली लेक तर पूर्ण आत, नुसते केस बाहेर, आणि तिच्या अंगावर दोन पांघरुणं. एक तिचं. दुसरं ती जुनी गोधडी.

ती आईंच्या अंगावर असते रोज. मी त्यांच्या खोलीत डोकावले. त्या स्वतःची शाल आणि सासऱ्यांचा जुना स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. मी माझी चादर आणून घातली त्यांच्यावर. हलकेच घातली, पण त्यांना कळतंच. डोळे न उघडता म्हणाल्या, "तिला लागते गं पहाटे. सांगत नाही ती."

सकाळी चहाला शिमला ऑफिस म्हणालं बारा पॉइंट आठ. आईंनी मान हलवली. लेक बिनस्वेटरची शाळेत गेली. दुपारी जेवायला बसलो, ऊन चौथ्या फरशीवर, आणि नवरा ताटावरून उठून स्विचबोर्डाकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "एकवर लाव. आणि आधी पाती पूस."